रानफेऱ्या आणि श्रमदान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेरीच्या आदल्या रात्री येणारे निरोप आता आम्हाला पाठ झालेत. पाऊस आला तर काय? बूट कसले घालू? आईला आणलं तर चालेल का? त्यांची उत्तरं इथे एका ठिकाणी लिहून ठेवली आहेत. विचारायला लोक संकोचतात असे दोन-चार प्रश्नही घेतले आहेत, कारण ते मनात असतात हे आम्हाला माहीत आहे.

तुम्ही नेमकं करता काय?

जमीन राखतो. काही जमिनी संस्थेच्या नावावर आहेत. काही ठिकाणी मालक दुसराच असतो आणि त्याच्याशी करार झालेला असतो. जमीन त्याचीच राहते, तो ती विकू शकतो, मुलाबाळांच्या नावावर करू शकतो, पण तिथे प्लॉट पाडता येत नाहीत. हे बंधन पुढच्या मालकालाही लागू होतं.

कल्पना काही आमची नाही. १८९१ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये चार्ल्स एलियट या उद्यानरचनाकाराच्या पुढाकाराने लोकांसाठी जमिनी राखणारं विश्वस्त मंडळ उभं राहिलं. १८९५ मध्ये इंग्लंडात ऑक्टेव्हिया हिल आणि तिच्या दोन सहकाऱ्यांनी नॅशनल ट्रस्ट स्थापन केला. त्या ट्रस्टला मिळालेली पहिली जमीन म्हणजे वेल्समधला समुद्राकडे तोंड करून असलेला जेमतेम पाच एकरांचा एक उतार, तोही दानात आलेला.

करारावर सह्या झाल्या म्हणून घाणेरी (लँटाना नावाचं तणझुडूप) वाढायची थांबत नाही. वाट पावसात वाहून जाते, रात्रीतून कोणीतरी गाडीभर राडारोडा आणून ओततं. म्हणून माणसं लागतात, आणि म्हणून हे पान आहे.

फेरी आणि श्रमदान यांत फरक काय?

फेरीत चालायचं, बघायचं, ऐकायचं. दोन-तीन तास. श्रमदानात हातात खुरपं किंवा फावडं असतं आणि घरी जाताना कपडे मळलेले असतात. आमचा सल्ला विचाराल तर आधी एक फेरी करा आणि मग त्याच जागी श्रमदानाला या. जी जागा पायाखालून गेलेली असते तिथे काम करताना हात वेगळे चालतात.

मला झाडं-पक्षी यांतलं काही ओळखता येत नाही. मी आलो तर हसं होईल का?

नाही. येणाऱ्यांपैकी बहुतेक जण असेच असतात. आणि खरं सांगायचं तर नावं माहीत असलेला माणूस कधीकधी नाव सांगून पुढे जातो, नाव माहीत नसलेला मात्र थांबून बघतो. गेल्या वेळी एका काकूंनी विचारलं, "या पानाला एकाच बाजूने भोकं का?" पंधरा जण त्या पानाभोवती गोळा झाले. पान उलटलं तर खाली सुरवंट होता. तोवर तिथून आमचे दोन जाणकार पुढे निघून गेले होते.

१९०० साली ख्रिसमसच्या दिवशी फ्रँक चॅपमन या पक्षीतज्ज्ञाने, त्या दिवशी पक्षी मारण्याच्या स्पर्धा होत त्याऐवजी पक्षी मोजा, असं लोकांना सुचवलं. तेव्हा सगळे मिळून फक्त २७ जण मोजायला गेले. ती मोजणी आजही दर वर्षी होते आणि हजारो साधी माणसं तीत भाग घेतात.

नोंदणी करायलाच हवी का? पैसे?

नोंदणी हवी, पैसे नाहीत. एका वाटाड्यामागे पंधराच्या वर माणसं झाली की शेवटच्या पाच जणांना फक्त पुढच्यांच्या पाठी दिसतात, म्हणून संख्या ठरलेली असते. यायचं रद्द झालं तर कृपया कळवा. प्रतीक्षा यादीत नेहमीच कोणीतरी असतं. न कळवता न येणं हीच आमची एकमेव जुनी तक्रार आहे, ती इथे नोंदवून ठेवतो.

सोबत काय आणू?

पाणी, आपल्याला वाटतं त्याच्या दीडपट. पूर्ण बाह्यांचा शर्ट, पूर्ण लांबीची पँट, पायाची बोटं झाकणारे बूट, टोपी. रोजची औषधं असतील तर ती खिशात, गाडीत नाही. श्रमदानाला हातमोजे आम्ही देतो, पण ते सगळ्यांच्या मापाचे म्हणजे कोणाच्याच मापाचे नसतात. स्वतःचे असतील तर आणा. अत्तर नको. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, कारण हात मोकळे राहतात.

सुरुवातीला बूट घासायला का लावता? शाळेत आल्यासारखं वाटतं.

लागू दे वाटायला. बुटाच्या तळव्यातल्या खाचांमध्ये आणि लेसच्या गाठीत तणांचं बी बसतं आणि तुमच्याबरोबर नव्या जागी पोहोचतं. त्याहून वाईट म्हणजे मातीतून रोग येतात. पश्चिम ऑस्ट्रेलियात फायटॉप्थोरा नावाच्या बुरशीसारख्या जीवाने झुडपांचे मोठे पट्टे मारले आहेत. न्यूझीलंडमध्ये त्याचाच एक भाऊबंद काउरीच्या महावृक्षांच्या मुळांवर बसला आहे. दोन्ही ठिकाणी रानात शिरण्याआधी बूट साफ करायची केंद्रं ठेवलेली आहेत. चिमूटभर मातीने रोग पोहोचू शकतो.

कोरडा ब्रश आधी, पाणी नंतर. उलटं केलंत तर नुसता चिखल होतो. घरून साफ बूट घालून आलात तर आमचे आशीर्वाद.

तण काढायचं म्हणजे दिसेल ते उपटायचं ना?

अजिबात नाही. हे उत्तर थोडं लांबणार आहे.

सुरुवातीच्या काळात आम्ही एका ओढ्याकाठी उत्साहाने चाळीस जण उतरवले. दुपारपर्यंत जमीन चकाचक झाली, फोटो उत्तम आले. तीन महिन्यांनी गेलो तर उघड्या पडलेल्या मातीत गाजर गवत गुडघाभर उभं होतं. शिवाय उपटलेल्या ढिगात आम्हीच जपत आणलेली देशी झुडपांची पिल्लंही होती, हे आमच्यातल्या एकीच्या लक्षात आलं तेव्हा ढीग सुकून गेला होता. चूक स्वयंसेवकांची नव्हती. काय काढायचं हे दाखवायला आम्ही पाच मिनिटं दिली होती आणि कामाला चार तास.

यावर उपाय शोधताना आम्हाला जोन आणि आयलीन ब्रॅडली या सिडनीच्या बहिणी सापडल्या. १९६०च्या दशकात घराजवळच्या रानात काम करता करता त्यांनी तीन नियम बसवले. चांगल्या जागेकडून बिघडलेल्या जागेकडे जा. माती कमीत कमी हलवा. आणि देशी झाडं ज्या वेगाने परत येतात त्याच वेगाने तण काढा, त्याहून भरभर नाही. पहिला नियम सगळ्यांना उलटा वाटतो. मन धावतं ते सगळ्यात दाट तणाकडे, कारण तिथे काम दिसतं. पण जिथे शंभर देशी झाडांत दोन तणं आहेत तिथली ती दोन काढली, तर रिकामी जागा आजूबाजूची देशी झाडंच भरून काढतात. दाट तणात मोकळी केलेली जागा मात्र तणच भरतं.

म्हणून आता पहिला अर्धा तास कोणी काही उपटत नाही. प्रत्येकाच्या हातात दोन फांद्या दिल्या जातात, एक काढायची आणि एक तिच्यासारखीच दिसणारी पण ठेवायची. फरक स्वतः शोधा. घाणेरीचं पान चुरगाळलं की उग्र वास येतो, खोड चौकोनी लागतं आणि बोट फिरवलं की खरखरतं. एकदा नाकाला कळलं की डोळ्यांना फार त्रास द्यावा लागत नाही.

घाणेरी वरून कापली की खुंटातून दुप्पट जोमाने फुटते. त्यामुळे कोयता नाही, कुदळ. जमिनीखाली चार बोटं खणून मुख्य मूळ तोडायचं आणि झुडूप तिथेच मुळं आकाशाकडे करून उलटं ठेवायचं, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. मग आसपासच्या झाडांखाली फिरायचं. पक्षी फळं खाऊन वर बसतात आणि बी खाली पडतं, त्यामुळे पुढच्या वर्षीची घाणेरी तिथे बोटभर उंचीची उभी असते. ती चिमटीत येते. मुलांना हे काम फार आवडतं.

गाजर गवत फुलायच्या आत काढायचं. एका रोपाला पंधरा-वीस हजार बिया धरू शकतात. हातमोजे आणि मास्क लावल्याशिवाय त्याला हात लावू देत नाही, कारण अंगावर चट्टे येतात आणि दम्याच्या लोकांना त्याचा त्रास होतो. तुम्हाला तसा त्रास असेल तर सांगा, त्या दिवशी दुसरं काम देऊ.

तुम्ही झाडं का लावत नाही? बाकी सगळे तर लावतात.

लावतो, पण जिथे झाडं होती आणि तोडली गेली तिथे. माळरान हे उजाड झालेलं जंगल नव्हे. ते मुळातच गवताचं राज्य आहे. माळावर घरटं करणारा पक्षी जमिनीवर अंडी घालतो आणि चहूकडे मोकळं दिसेल अशी जागा शोधतो. तिथे रांगेने झाडं उभी केली की त्यांवर शिकारी पक्षी बसतात आणि खालचं घरटं संपतं. गवताचा कार्बनही बराचसा मुळांत, मातीत साठलेला असतो. खड्डे खणून आपण तोच उघडा करतो.

हे ऐकून काही जण नाराज होतात. रोपासोबत फोटो काढता येतो, गवतासोबत काय काढणार, असं एकाने स्पष्टच म्हटलं. आम्हाला तो आवडला.

वाटेची डागडुजी म्हणजे काय असतं?

बहुतांशी पाण्याशी भांडण. उतारावर पाणी वाटेवरून वाहू लागलं की वाटेचा ओढा होतो, म्हणून ठराविक अंतरावर दगड किंवा ओंडका तिरका पुरून पाणी बाजूला काढतात. या तिरक्या अडसराच्या तोंडाशी पाला आणि गाळ साचतो, आणि तो तुंबला की सगळं फुकट. तेव्हा खरं मोलाचं काम म्हणजे फावड्याने तो गाळ ओढणं. दहा मिनिटांचं, कंटाळवाणं.

एक विनंती, फेरीला येणाऱ्यांनाही. वाटेत चिखल असेल तर चिखलातूनच चाला. कडेने गेलात की वाट रुंदावते, पुढचा आणखी कडेने जातो, आणि दोन वर्षांत एका वाटेच्या चार होतात.

माझं वय झालंय, गुडघे दुखतात. श्रमदानात माझं काय काम?

अवजारांची यादी ठेवणं, बिया निवडणं, फोटोंवर नावं आणि तारखा घालणं, नव्या लोकांना पानं दाखवणं. बिया निवडायला बसलेल्या गटात सगळ्यात जास्त गप्पा होतात, हे कामाच्या दृष्टीने चांगलं की वाईट ते अजून ठरलेलं नाही. जड काम करणाऱ्यांनाही आम्ही पाऊण तासाने थांबवतो, न थकलेल्यांनासुद्धा. अवजाराने होणारी इजा बहुधा "एवढं संपवतो आणि थांबतो" यातच होते.

व्हीलचेअरवरून येता येईल का?

काही वाटांवर येईल, सगळ्यांवर नाही. प्रत्येक फेरीच्या माहितीत वाटेची रुंदी, सगळ्यात तीव्र चढ, पृष्ठभाग आणि स्वच्छतागृह किती लांब हे लिहिलेलं असतं. "सोपी वाट" असा शब्द आम्ही वापरणं सोडून दिलं, कारण तो लिहिणारा माणूस नेहमी धडधाकट असतो.

मुलांना आणू? आणि कुत्र्याला?

मुलांना जरूर, सोबत घरचं मोठं माणूस हवं. आठ वर्षांखालच्या मुलांसाठी वेगळ्या फेऱ्या असतात. त्यांत अंतर अर्धा किलोमीटर आणि वेळ दोन तास, कारण प्रत्येक दगड उलटून बघायचा असतो. उलटलेला दगड पुन्हा होता तसाच ठेवायचा, एवढा एकच नियम.

कुत्र्याला नको. तुमचा कितीही गुणी असला तरी. जमिनीवर बसलेल्या पक्षिणीला तो गुणी आहे हे कळत नाही, ती अंडी सोडून उडते.

पाऊस आला तर फेरी रद्द होते?

पावसाने नाही. विजेने होते. गडगडाट ऐकू आला याचा अर्थ वीज तुमच्यापर्यंत पोहोचू शकेल इतकी जवळ आहे, मग वर निळं आकाश का दिसेना. त्या क्षणी मागे फिरायचं, पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत बसायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडायचं नाही. एकट्या झाडाखाली तर मुळीच थांबायचं नाही. यावर वाटाड्याशी वाद घालू नये. तो ऐकणार नाही, आणि त्याने ऐकू नये असं आम्हीच त्याला सांगितलेलं आहे.

गोचीड, साप, मधमाश्या?

गोचीड चिकटलीच तर टोकदार चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ वर, सावकाश, एकाच जोराने ओढायची. पिळायची नाही. काडी लावून भाजणं, तेल किंवा व्हॅसलीन चोपडणं हे सगळं टाळा. जागा साबणाने धुवा, आणि पुढच्या काही आठवड्यांत ताप किंवा पुरळ आलं तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा. घरी गेल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कानामागे आणि पट्ट्याच्या खाली बघा.

साप दिसला तर थांबा, दोन पावलं मागे या, त्याला जाऊ द्या. हात कधीही न दिसणाऱ्या जागेत घालू नका. मधमाश्यांचं पोळं आधीच हेरून ठेवलेलं असतं आणि वाट तिथून वळवलेली असते. अत्तर नको म्हटलं ते थोडंफार याचसाठी.

रात्रीच्या फेरीला टॉर्च आणू?

लाल प्रकाशाची आणा, किंवा साध्या टॉर्चवर लाल कागद लावा. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाचा एक झोत ते सगळं पुसून टाकतो. लाल उजेडाने तितकं बिघडत नाही. पहिली वीस मिनिटं आम्ही नुसते बसतो. लोक चुळबुळतात. मग हळूहळू झाडांच्या कडा दिसायला लागतात आणि चुळबुळ थांबते. मोबाईलचा स्क्रीन हाही उजेडच आहे.

फळाची साल टाकली तर काय बिघडलं? कुजणारच ना ती.

कुजेल, पण संत्र्याच्या किंवा केळ्याच्या सालीला महिनोन् महिने लागतात. तोवर ती दिसते, प्राण्यांना वाटेकडे ओढते, आणि पुढच्या माणसाला "इथे टाकतात" असं सांगते. जे आणलं ते परत न्या.

फोटो टाकले तर चालतील?

माणसांचे त्यांना विचारून, फुलांचे बिनधास्त. घरट्याचे आणि दुर्मीळ ऑर्किडचे मात्र जागा न सांगता. घरट्याच्या जवळ जाऊन तर काढूच नका. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या ॲपवर धोक्यात असलेल्या जातीची नोंद केली तर नेमकी जागा आपोआप झाकली जाते आणि नकाशावरचा ठिपका वीसेक किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी पडतो. पण तुम्ही मूळ फोटो जसाच्या तसा कोणाला पाठवलात तर मोबाईलने त्यात अक्षांश-रेखांश लिहिलेले असू शकतात. कॅमेऱ्याचं लोकेशन फेरीपुरतं बंद ठेवा. आणि मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. विणीच्या दिवसांत तो पिल्लांना भरवायचं सोडून नसलेल्या शत्रूशी भांडत बसतो.

आम्ही केलेल्या नोंदींचं पुढे काय होतं? की नुसतीच वही भरते?

वहीही भरते. पक्ष्यांच्या नोंदी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर जातात. २००२ साली सुरू झालेल्या या प्रकल्पात "पूर्ण यादी" नावाची गोष्ट आहे: किती वेळ, किती अंतर चाललात, आणि ओळखता आलेले सगळे पक्षी, फक्त आवडते नव्हे. याचा फायदा असा की यादीत जे नाही ते त्या वेळी आढळलं नाही, हेही कळतं. एखादा पक्षी कमी होतोय का, हे त्यावरून उमगतं. कावळा लिहायचा कंटाळा करू नका.

दुसरं काम फोटो-खुंटांचं. ठराविक जागी खुंट रोवलेले आहेत. त्यावर कॅमेरा ठेवायचा, ठरलेल्या दिशेला, ठरलेल्या महिन्यात, दर वर्षी तोच फोटो. दिसायला कंटाळवाणा. सात वर्षांचे सात शेजारी ठेवले की ओढ्याचा काठ कसा सरकला ते दिसतं. करार केलेल्या जमिनीवर कोणी हळूच कुंपण सरकवलं असेल तर तेही दिसतं.

कधीकधी चोवीस तासांत एका जागी सापडतील तेवढ्या जाती नोंदवायचा घाटही घालतो. याला बायोब्लिट्झ म्हणतात. या नावाचा पहिला १९९६ मध्ये वॉशिंग्टनमधल्या केनिलवर्थ उद्यानात झाला आणि शहराच्या पोटातल्या त्या जागेत हजारच्या आसपास जाती मिळाल्या.

आमच्या कंपनीचे ऐंशी जण एका दिवसासाठी येऊ इच्छितात.

ऐंशी जण एका दिवसासाठी नको, वीस जण चार वेळा या. यावर आम्ही अडून बसतो आणि त्यामुळे काही मोठे गट हातचे गेलेही आहेत. दुसऱ्यांदा आलेला माणूस काय ठेवायचं ते विचारतो, तिसऱ्यांदा आलेला नव्याला शिकवतो. बॅनर गाडीतच ठेवावा.

प्रमाणपत्र मिळेल?

तासांचं मिळेल, झालेल्या तासांचंच.

गेल्या वर्षी लावलेलं माझं रोप बघायला येऊ का?

या. रोपाशेजारच्या काठीवर नंबर असतो, त्यावरून वहीतलं पान सापडतं. उंची मोजा, पालापाचोळ्याचं आच्छादन खोडाला चिकटलं असेल तर चार बोटं मागे सरकवा, नाहीतर खोड कुजतं. रोप मेलं असेल तर तसंच लिहा: मेलं, तारीख, कारण दिसत असेल तर कारण. एका दादांनी मेलेल्या रोपाच्या जागी गुपचूप दुसरं आणून लावलं होतं, आम्हाला वाईट वाटू नये म्हणून. वहीत ते दोन वर्षं "जोमात" होतं. मग त्याला फुलं आली, आणि ती भलत्याच झाडाची निघाली.